महिन्यातून दोनदा येणारी पाळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं डॉक्टरांच्या प्रश्नोत्तरांचं सदर मी नेमाने वाचते. तीन आठवड्यांपूर्वी एका नवविवाहितेने विचारलं होतं, पाळीच्या दिवसांत संबंध ठेवले तर चालतात का. डॉक्टरांनी सहा ओळींत उत्तर दिलं: दोघांची इच्छा असेल तर हरकत नाही, स्वच्छता पाळावी. पुढच्या रविवारी त्यावर दोन पत्रं आली. घरात लहानथोरांच्या हातात पडणाऱ्या पेपरात असला प्रश्न छापलाच कसा, म्हणून एक गृहस्थ संतापले होते. दुसऱ्यांनी शास्त्राधार काढला होता. दोघेही पुरुष. माझी पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणजे तसा माझाही आता या विषयाशी संबंध नाही. तरी लिहिते.

मी 1982 ते 2018 सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका होते, शेवटची काही वर्षं आरोग्य सहाय्यिका. गावात मला नर्सबाई म्हणत. लसीकरण, बाळंतपणं, तांबी बसवणं, निरोध वाटणं, कुटुंबनियोजनाच्या केसेस गोळा करणं, हे काम. बायका तांबीसाठी आल्या की त्यांना पाळीच्या दिवसांतच बोलवायचं, कारण तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. त्यामुळे 'त्या दिवसांत' बायकांशी निवांत बोलायला मिळालेली या पंचक्रोशीतली मी एकटीच असेन. बाकी सगळ्यांपासून त्या लांब बसलेल्या असायच्या.

मीही बसायचे. सासूबाई होत्या तोवर आमच्या घरात चार दिवस ओसरीवरच माझा मुक्काम. दिवसभर गावभर बायाबाळांना हात लावत फिरायचं, घरी आलं की पायरीशी थांबायचं, पाणी वरून ओतून घ्यायचं. ऋषिपंचमीला सासूबाई कहाणी वाचायच्या. विटाळात भांड्यांना हात लावला म्हणून बाई कुत्री झाली आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल झाला. लहानपणापासून ऐकलेली कहाणी, पण ओसरीवर बसून ऐकताना बैलाचंच जास्त वाईट वाटायचं. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

तर आधी डॉक्टरांच्या सहा ओळींबद्दल. त्या बरोबर आहेत, फक्त अपुऱ्या आहेत.

पाळीतलं रक्त घाण नसतं. गर्भ राहिला तर त्याला बसायला म्हणून गर्भाशय दर महिन्याला आतून अस्तर तयार करतं, गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडतं. त्याला हात लागून कुणाचं लोणचं नासत नाही आणि त्या दिवसांत जवळ आल्याने पुरुषाची ताकद जात नाही. हे दुसरं मला किती जणांनी विचारलं असेल, सांगता येणार नाही. बायका विचारायच्या, पण प्रश्न नवऱ्याचा असायचा.

आणि काही जणींना त्या दिवसांत इच्छा जास्त होते. हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही, बायकांनीच शिकवलं. एक जण तांबी बसवून झाल्यावर उठेचना. शेवटी म्हणाली, "नर्सबाई, मला त्याच दिवसांत लई वाटतं. माझ्यात काय बिघाड आहे का?" बिघाड काही नव्हता. ओटीपोटात रक्ताचा पुरवठा वाढलेला असतो, दिवस राहण्याची धास्ती मनातून गेलेली असते (ती जाऊ नये, त्यावर पुढे लिहिते), ओलावाही असतो. सुखाच्या क्षणी शरीर एन्डॉर्फिन सोडतं, ती आपली घरची वेदनाशामक गोळीच. त्यामुळे काहींच्या कळा खरंच निवतात. काहींच्या उलट वाढतात, कारण त्या वेळी गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणून पाळीत दुखणाऱ्या प्रत्येकीला नवऱ्याने हे औषध म्हणून सुचवू नये. पाळी लवकर आटपते असंही सांगतात, त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट होती, ती शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येणार नाही. घरटी एक माणूस मुंबईला माथाडी. महिन्या-दीड महिन्याने शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने जाणार. नेमकी तेव्हा पाळी आली की बाई रडकुंडीला यायची. गौरीगणपतीला पाळी लांबवायच्या गोळ्या मागतात, तशा नवरा येणार म्हणूनही मागायच्या. गौरीच्या गोळ्या सासू स्वतः येऊन न्यायची. नवऱ्यासाठी मात्र सून पदराआड हात करून मागायची. हॉर्मोनच्या त्या गोळ्या अशा उठसूट घ्यायच्या नसतात. मी तिला म्हणायचे, गोळ्या राहू देत, एक जुना टॉवेल घे आणि निरोध ने. ती तोंडाला पदर लावायची, पण निरोध न्यायची.

आता धोक्याचं. हे मात्र त्या सहा ओळींत यायला हवं होतं.

"पाळीत दिवस राहत नाहीत" ही समजूत घेऊन बसलेल्या किती बायकांची नावं मी गरोदर मातांच्या रजिस्टरला लिहिली! एक आठवते. दोन मुलं, धाकटं आठ महिन्यांचं, सुगी झाली की ऑपरेशन करायचं ठरलेलं. तोवर ही दोघं फक्त पाळीतच जवळ येत. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवरा तिच्याकडे संशयाने बघायला लागला. मी दोघांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं. तिची पाळी 22 दिवसांची, रक्त सहा दिवस जायचं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, म्हणजे हिचं आठव्या दिवसाच्या आसपास. पुरुषाचे शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाचव्या-सहाव्या दिवशी आले ते आठव्या दिवसाची वाट बघत बसले. नवरा बराच वेळ कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत होता. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं की." बरोबरच होतं त्याचं.

दुसरा धोका आजारांचा. एरवी योनीमार्गात आम्लता असते, बरेचसे जंतू तिथेच मरतात. रक्त आलं की ती आम्लता कमी होते. गर्भाशयाचं तोंड किंचित उघडलेलं असतं आणि एरवी तिथे असणारा चिकट पदार्थाचा बूच वाहून गेलेला असतो. नवऱ्याला किंवा बायकोला गुप्तरोगाची लागण असेल तर या दिवसांत ती पसरायला वाव जास्त. एचआयव्ही आणि कावीळ बी तर रक्तातून जाणारे आजार, तेव्हा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्ही बाजूंनी. साल 2000 च्या आगेमागे आमच्या हायवेच्या पट्ट्यात हे काय होतं ते आम्ही पाहिलंय. पंचविशीतल्या विधवा, आणि नवरा कशाने गेला ते घरात कुणी उच्चारायचं नाही. ओटीपोटात सूज, अंगावरून पांढरं, कंबर धरलेली, ताप, अशी बाई आली की आमच्याकडे त्यासाठी औषधांचं पिवळं किट असायचं. बाई किट न्यायची, पण नवरा तपासायला यायचा नाही, आणि महिन्याभरात बाई पुन्हा दारात. एकट्या बाईला औषध देणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

एवढ्याचसाठी निरोध. दिवस राहू नयेत म्हणून आणि आजार जाऊ नये म्हणून, दोन्हीला एकच वस्तू, आणि ती उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. माझी पुण्यातली भाची पाळीत कप वापरते. तिला म्हटलं, तो आधी काढून ठेवायचा. टॅम्पॉनचंही, म्हणजे पाळीत आत घालायच्या कापसाच्या बोळ्याचंही तेच, आत राहून गेला तर जंतूंचं घर होतो. लाजऱ्या मुलींची हीच पंचाईत, ऐन वेळी सांगता येत नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं, प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या आईसाठी. प्रत्येक रक्त पाळीचं नसतं. माझ्या हद्दीतली एक पन्नाशीची बाई सांगायची, पाळी अजून थोडी थोडी येते, नवरा जवळ आला की दुसऱ्या दिवशी येते. नवरा जवळ आल्यावर येणारी पाळी कुठे असते का? ते गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचं रक्त होतं. संबंधानंतर रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, यातलं काहीही दिसलं की तपासून घ्यायचं. आरोग्य केंद्रात 30 वर्षांवरच्या बायकांची व्हीआयए तपासणी होते. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयाचं तोंड बघतात, पांढरा चट्टा उठला तर पुढे पाठवतात. पाच मिनिटांचं काम. आणि त्या बाईचा विटाळ म्हणून नवरा पुढे लांब झोपायला लागला होता, तीही त्यात समाधानी होती. दोघांनाही आपण नियम पाळतोय असं वाटत होतं. त्यात आठ महिने गेले.

माझ्या नोकरीच्या अखेरीला अंतरा इंजेक्शन आलं. तीन महिन्यांनी एक, दिवस राहण्याची काळजी नाही. पण सुरुवातीला काही जणींना थोडं थोडं रक्त जात राहतं, कधी वीस वीस दिवस. त्याने जिवाला अपाय नसतो. एक मुलगी दुसऱ्या डोसला आलीच नाही म्हणून मी घरी गेले. सासूने दारातच सांगितलं, "तुमच्या सुईनं सून महिनाभर बाहेर बसतीया, भाकरी कोण थापणार?" आत गेले तर सून खुशीत. नवरा वैतागलेला, सासू वैतागलेली, ही मात्र पलंगावर पाय पसरून मुलाला निजवत होती. मला हळूच म्हणाली, इंजेक्शन चालूच ठेवायचंय.

यापुढचं लिहायला हात जरा जड होतो, पण त्याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

शास्त्राधार देणारे गृहस्थ म्हणतात नियम पाळा, डॉक्टर म्हणतात नियमाची गरज नाही. 36 वर्षांत बायकांनी या नियमाचं काय केलं ते दोघांनाही माहीत नाही. बायकांनी त्याची रजा केली. महिन्यातले 26 दिवस 'नको' म्हणायची सोय नव्हती. दमलीस? सगळेच दमतात. दुखतंय? थोडं दुखणारच. पण 'कावळा शिवला' म्हटलं की दारूच्या नशेतला माणूससुद्धा कूस बदलून झोपायचा. बायकोच्या शब्दाला मान नव्हता, विटाळाला होता.

ज्यांनी ही रजा वाढवून घेतली त्याही मला ठाऊक आहेत. पहिल्यांदा कळलं ते 1990 च्या सुमाराला. पंचवीस-सव्वीस वर्षांची, तीन मुलांची आई, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्यांवर. मी नेहमीप्रमाणे विचारलं, पाळी किती दिवसांनी? ती म्हणाली, "म्हैन्यातनं दोनदा येती." मी घाबरले, तालुक्याला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. तिने माझा हात धरला. "बाई, येती एकदाच. घरात दोनदा सांगती."

मी चिठ्ठी फाडली. वर्षभराने तिची सासू मला बाजारात भेटली आणि म्हणाली, आमच्या सुनेला महिन्यातनं दोनदा कसं काय हो. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, जपावं लागेल. नोकरीत सांगितलेल्या खोट्यांपैकी ते एक.

म्हणून आपल्या सदरातलं ते उत्तर वाचून मला एकाच वेळी बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. बरं वाटलं त्या पदराआडून गोळ्या मागणाऱ्या सुनांसाठी. गोळा आला तो हिच्यासाठी. कारण तोच पेपर तिच्यासारखीचा नवराही वाचणार आणि पेपर दाखवून म्हणणार, बघ, डॉक्टरच म्हणतायत काही होत नाही. 'दोघांची इच्छा असेल तर' हे शब्द डॉक्टरांनी लिहिले होते, मी पुन्हा उघडून पाहिलं. चार शब्द. छापताना ते मोठ्या अक्षरात छापता आले असते. भारतीय न्याय संहितेत आजही 18 वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात लैंगिक छळ येतो, पण तो कायदा माझ्या गावात किती जणींनी ऐकलाय? विटाळ मात्र प्रत्येकीला ठाऊक. तो काढून घेताय तर घ्या, मला त्याचं प्रेम नाही, मी ओसरीवर बसलेली आहे. पण त्याच्या जागी तिच्या हातात काय देणार ते त्याच पानावर लिहा.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं आहे असं वाटायला नको. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. दहा वर्षं झाली जाऊन. ओसरीवरच्या दिवसांत सगळे झोपले की ते पायरीवर येऊन बसायचे, माझ्यापासून एक हात लांब, आणि दिवसभराच्या गाडीतल्या गमती सांगायचे. सासूबाईंच्या नियमात बोलणं बसत होतं. पुढे आरोग्य केंद्राच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि ओसरी सुटली. पहिल्या महिन्यात त्यांनी सवयीने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. मीच त्यांना आत बोलावलं. त्या रात्री इच्छा माझी होती, हे या वयात लिहायला हरकत नाही. पहाटे चारला उठून चादर थंड पाण्यात भिजवली. रक्ताच्या डागाला थंडच पाणी लागतं, गरम पाण्याने तो पक्का बसतो, हे नर्सला सांगायला नको. शेजारच्या क्वार्टरमधल्या सिस्टर उठायच्या आत ती दोरीवर हवी होती. धुता धुता हसू येत होतं. आणि असेही महिने होते की मी म्हटलं, आज नको, नुसते पाय चेपून द्या, आणि त्यांनी चेपले. मला दोन्ही मिळालं. पण तो माणसाचा भाग होता, नियमाचा नव्हता, आणि अशी माणसं मोजून येतात.

पेपरात असले प्रश्न नकोत म्हणणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगते की हा वाद मराठीला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. तेव्हा आपल्या पुरवणीने सहा ओळी छापल्या तर आभाळ कोसळायला नको. माझी तक्रार आहे ती सहाच ओळी छापल्याची.

आणि एक प्रश्न त्या सदरासाठी पाठवते. माझा नाही. महिन्यातून दोनदा पाळी येणारी ती बाई परवा साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटली. केस पिकले, नातवंडं झाली, गुडघे गेले. मला मिठी मारली, चहा पाजला. नवरा कसा आहे विचारलं तर म्हणाली, धडधाकट. मग इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी वाकली.

"बाई, पाळी गेली की हो माझी. आता काय सांगू?"

डॉक्टरांनी उत्तर द्यावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
सातारा जिल्हा

(नाव छापू नये. माझी हरकत नाही, पण सूनबाई शाळेत शिक्षिका आहे.)